बोटावरचा आकडा

हल्ली रुग्णाचे नातेवाईक डॉक्टरांच्या मुद्रेकडे पाहत नाहीत, पडद्यावरील आकड्याकडे पाहतात. त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. २०२० व २०२१ च्या साथीत पल्स ऑक्सिमीटर घरोघरी पोहोचला आणि त्याने अनेकांना वेळेवर रुग्णालयाची वाट दाखविली, हे मान्यच केले पाहिजे. माझी तक्रार आहे ती आपल्या व्यवसायबंधूंविषयी.

थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राची हकीकत आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. जुन्या यंत्रांतील स्वतंत्र अटकाव काढून त्यात सुरक्षितता संगणकाच्या आज्ञावलीवर सोपविली होती. १९८५ ते १९८७ दरम्यान अमेरिका व कॅनडात सहा रुग्णांना अतिप्रचंड मात्रा गेली. रुग्ण भाजल्याचे सांगत होते आणि निर्माते म्हणत होते, हे शक्यच नाही.

एवढे दूर जाण्याचेही कारण नाही. ऑक्सिमीटर बोटातून ६६० व ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश पाठवितो आणि त्याच्या शोषणावरून प्राणवायूयुक्त हिमोग्लोबिनचे प्रमाण ठरवितो. कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिन त्याला जवळजवळ तसेच भासते. आपल्या इंदूर-ग्वाल्हेरकडच्या थंडीत बंद खोलीत शेगडी पेटते, झरोका नसलेल्या न्हाणीघरात गॅस गीझर चालतो. स्नानास गेलेली तरुण मुलगी बेशुद्ध सापडते, आणि बोटावरचा आकडा म्हणतो ९८! मग "ऑक्सिजन उत्तम आहे" असे म्हणून अपस्माराचा, मेंदूज्वराचा, क्वचित उपवासाच्या भोवळीचा शोध सुरू होतो. रक्तवायूंची तपासणीही येथे चकविते. प्राणवायूचा दाब प्राकृत येतो आणि पुष्कळ यंत्रे संपृक्तता न मोजता गणिताने काढून छापतात. को-ऑक्सिमीटर हवा, पण तो किती ठिकाणी आहे? शुद्ध प्राणवायू दिल्यास या विषाचे अर्धायुष्य चार-पाच तासांवरून तास-दीड तासावर येते. आकडा पाहून मास्क उतरविला, की नेमका हाच वेळ हातचा जातो.

ईसीजीच्या माथ्यावर छापून येणाऱ्या शेऱ्याचेही तेच. शेरा वाचून पट्टीची घडी घालणारे सहकारी मी पाहिले आहेत. (त्यांतील काही माझ्याहून हुशार, हे विशेष.)

"न्हाणीघरात गॅसचा गीझर आहे काय? खोलीत शेगडी होती काय?" या दोन ओळी आपल्या सभासदांनी हिवाळ्यापूर्वी केसपेपरवर छापून घ्याव्यात, अशी माझी सूचना आहे. ज्यांना हव्या असतील त्यांच्या छपाईचा खर्च मी आनंदाने देईन.