उटण्याचे काम

त्वचेच्या सर्वांत बाहेरच्या थरात केराटिन या चिवट प्रथिनाने भरलेल्या मृत पेशी कौलांसारख्या एकमेकींवर रचलेल्या असतात. तळाशी जन्मलेली पेशी तरुण वयात साधारण ४ आठवड्यांत वर येऊन गळून पडते, परंतु वय वाढते तसा हा क्रम मंदावतो आणि रेंगाळलेल्या पेशींमुळे कांती निस्तेज व खरखरीत दिसू लागते. या पेशी बाहेरून उतरवण्याच्या क्रियेला प्रसाधनशास्त्र एक्सफोलिएशन म्हणते. आयुर्वेदातील उद्वर्तन, म्हणजे कोरड्या चूर्णाने अंग चोळणे, तिच्याच जवळचे असून वाग्भटाच्या अष्टांगहृदयात ते दिनचर्येतच सांगितले आहे. नरक चतुर्दशीच्या अभ्यंगस्नानात आधी तेल जिरवून मग उटणे लावतात, आणि हा क्रम मोठा जाणतेपणाचा आहे, कारण तेलाने वरचा थर मऊ पडतो, घर्षण सौम्य होते, तर नागरमोथा, वाळा, आंबेहळद, मसुराचे पीठ यांची भुकटी जादा तेल शोषून घेत सुटलेल्या पेशी सोबत नेते. अट एवढीच की चूर्ण वस्त्रगाळ हवे. जाडेभरडे कण त्वचेवर सूक्ष्म ओरखडे काढतात. (बाजारच्या पाकिटाचा सुवास सगळे घेतात, दळण कोणी चिमटीत घेऊन पाहत नाही.) रोजच्या रगडण्याने त्वचेचे संरक्षक आवरणच झिजते, म्हणून आठवड्यातून एकदा-दोनदा पुरे; मुरमे किंवा इसब असलेल्या अथवा उन्हाने भाजलेल्या त्वचेवर मात्र उटणे चोळूच नये.