तात्पुरतें नाक

"पंधरा मिनिटांत नाक सरळ, सुई टोंचून लगेच घरीं" अशा आशयाच्या जाहिराती अलीकडे आमच्या वाचकांच्या दृष्टीस पडल्याच असतील. नाक सुधारून घ्यावेंसें वाटणें हा दोष आहे असें आम्ही मानीत नाहीं. मोडक्या किंवा वांकड्या नाकाचें दुःख ज्याचें त्यालाच ठाऊक. आमचा वाद आहे तो एका विशिष्ट प्रकाराशीं. नाकाची एक शस्त्रक्रिया झाली, ती मनासारखी साधली नाहीं, दुसरीस अजून अवकाश आहे, आणि तेवढ्या काळापुरतें त्या नाकांत फिलर नांवाचें द्रव्य भरून घ्यावयाचें, हा तो प्रकार होय.

शस्त्रक्रियेनंतर नाकाची सूज सावकाश उतरते. पहिले कांहीं आठवडे गेले म्हणजे ती लोकांस दिसत नाहीं. पण शेंड्याशीं ती वर्षभर, आणि त्वचा जाड असल्यास त्याहूनही अधिक काळ रेंगाळते. आंतील व्रण भरून मऊ झाल्यावरच खरा आकार ठरतो. म्हणून जाणते शल्यवैद्य दुसऱ्या शस्त्रक्रियेपूर्वीं बहुधा बारा महिने तरी थांबावयास सांगतात. हें वर्ष वायां गेलें असें नव्हे. तें उपचाराचेंच अंग आहे. पण आमच्या सुशिक्षित घरांतून या वर्षास जुमानतो कोण? पाहावयास मंडळी यावयाची असतात, वैशाखांतला मुहूर्त धरलेला असतो, आणि आरशापुढें उभी असलेली मुलगी आईच्या चेहऱ्याकडे पाहून आपल्या नाकाची किंमत ठरवीत असते. या उतावळेपणावरच हा सारा सौदा उभा आहे.

त्याची मोहिनी 'तात्पुरतें' या एका शब्दांत आहे. द्रव्य बहुधा हायअल्युरॉनिक आम्लाचें असतें. तें कालांतरानें विरतें, आणि हायअल्युरॉनिडेज टोंचून विरघळवितांही येतें. हें खरें आहे. (एमआरआयच्या चित्रांत तें वर्षानुवर्षें टिकलेलें आढळलें आहे, हेंही खरें आहे.) परंतु तात्पुरतें असलें तर तें द्रव्य, अपाय तात्पुरता नव्हे. नाकाच्या दांड्यावरील धमन्यांचा डोळ्याच्या धमनीशीं संबंध आहे. सुईचें टोंक चुकून धमनींत शिरलें, कीं दाबानें द्रव्य उलट वाहत जाऊन दृष्टिपटलाचा रक्तपुरवठा बंद पाडूं शकतें. अशी गेलेली दृष्टि बहुधा परत येत नाहीं. डोळा वांचला तरी शेंड्याची त्वचा काळी पडून झडण्याचें भय राहतेंच. शिवाय ज्या नाकावर एकदां शस्त्र चाललें आहे, त्यांतील वाहिन्या तुटलेल्या, सरकलेल्या, व्रणांत गुंतलेल्या असतात. म्हणजे जेथें धोका अधिक तेथेंच ही सुई चालावयाची! अमेरिकेच्या औषधनियामक संस्थेनें २०१५ सालीं याविषयीं जाहीर इशारा दिला, त्यांत धोक्याच्या जागांमध्यें नाक व त्याभोंवतालचा भाग स्पष्ट सांगितला आहे. नाकापेक्षां मोतीं जड होऊं नये म्हणतात; येथें नाकापायीं डोळाच पणास लागतो.

"कुशल हातांत धोका फार थोडा," असें उत्तर येतें. लहानशी खांच बुजविण्यासाठीं, विशेषतः दुसरी शस्त्रक्रियाच नको असलेल्या रोग्यास, अनुभवी शल्यवैद्य हा उपाय करतो, हें आम्हांस मान्य आहे. पण तो पूर्वींच्या शस्त्रक्रियेचे कागद मागतो, उतारा हाताशीं ठेवतो, आणि डोळ्याचें भय आधीं सांगतो. सौंदर्यगृहांतल्या सुईवाल्याला त्या नाकांत पूर्वीं काय घडलें याची वार्ताही नसते. आणि इतकें करून मिळालें काय? पुढच्या शल्यवैद्यास खरा आकार पाहावयाचा, तर तो भराव आधीं विरघळवावा लागतो.

निर्धास्तपणाची ही भाषा नवीही नाहीं. १९०० च्या सुमारास व्हिएन्नाच्या गेर्सुनीनें व्हॅसलीन टोंचण्याची युक्ति काढली, आणि पाठोपाठ पॅराफिन आलें. पुढें मार्लबरोची डचेस झालेल्या ग्लॅडिस डीकन हिनें ऐन तारुण्यांत नाक ग्रीक पुतळ्यासारखें सरळ व्हावें म्हणून तें दांड्यांत भरून घेतलें. तें हनुवटीकडे उतरलें आणि तिचें प्रसिद्ध रूप कायमचें बिघडलें.

याउलट आमच्या पुण्याजवळची एक हकीकत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकांत छापली आहे. इंग्रजांच्या फौजेंतील गाडीवान कावसजी यास १७९२ च्या लढाईंत टिपूच्या लोकांनीं पकडलें व त्याचें नाक आणि एक हात कापला. वर्षाहून अधिक काळ तो बिननाकाचा वावरला. मग विटा करणाऱ्या जातीच्या एका माणसानें त्याच्याच कपाळाच्या कातड्याचें नाक त्यास करून दिलें. आणि कपाळाशीं जोडणारी कातड्याची पट्टी सुमारें पंचविसाव्या दिवसापर्यंत तोडली नाहीं. कावसजीला तर नाकच नव्हतें. आमच्या मुलींना तें आहे. किंचित् सुजलेलें, किंचित् वांकडें. त्यांच्या आईबापांनीं पाहावयास येणाऱ्या मंडळींस तसें सांगावें आणि वैशाखांतला मुहूर्त मोडावा. पुढच्या वर्षाच्या पंचांगांतही वैशाख असतोच.