ट्रेलरचे स्टिकर आणि पोराची छाती

परवा मांजरीतल्या दवाखान्यात गॅरेजमधला एक विशीतला मदतनीस आला. डोके जड, मळमळ, हातांना भेगा. मालवाहू ट्रेलरवरचे उन्हाने तडकलेले जाहिरातीचे व्हिनाइल तो तीन दिवस बंद शेडमध्ये काढत होता. डिंक थिनर-पेट्रोलने पुसायचा, तुकडे संध्याकाळी जाळायचा. "रुमाल बांधला होता," म्हणाला.

वाचकहो, रुमाल थोडीफार धूळ अडवतो, वाफ नाही. थिनरमधल्या टोल्युइनने गुंगी व डोकेदुखी होते. पेट्रोलमध्ये बेंझीन असते. दीर्घ संपर्काने रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी. ते जळले की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो आणि घसा-फुप्फुसांचा दाह होतो.

त्यापेक्षा गाडी उन्हात तापू द्यावी आणि कोपऱ्यापासून प्लॅस्टिकच्या पट्टीने हळूहळू सोलावे. डिंकाला आधी साबणाचे गरम पाणी लावून पाहावे. थिनर लागलेच, तर उघड्यावर, योग्य हातमोजे घालून आणि विडी-काडी दूर ठेवून वापरावे. तुकडे जाळू नयेत, कचरागाडीत द्यावेत.

या पद्धतीने एखादा दिवस जास्त लागेल. माझे मत स्पष्ट आहे: गाडी मालकाची, तर तो दिवस आणि हातमोजेही मालकानेच द्यावेत. पोराच्या छातीतून ती बचत करू नये.