घड्याळ कोणाच्या मनगटावर?

पुण्यात हल्ली भिशीतसुद्धा सिंगापूरच्या क्रूझच्या गप्पा रंगतात. सहलीला निघालेल्या आमच्या मंडळातल्या बायकांना मी एकच विचारते, ‘घड्याळ घेतलं का?’ उत्तर ठरलेलं, ‘ह्यांच्याकडे मोबाइल आहे की!’

मैत्रिणींनो, घोटाळा तिथंच होतो. सिंगापूर आपल्या अडीच तास पुढे, तर थायलंडमधलं फुकेत दीडच तास. जहाजानं सिंगापूरची वेळ कायम ठेवली, तर जहाजावर पाच वाजतात तेव्हा फुकेतच्या बाजारात चारच वाजलेले असतात. किनाऱ्यावर मोबाइल गुपचूप तिथली वेळ दाखवू लागतो. आपण निवांत खरेदी करतो आणि जहाज निघून जातं! मग पुढचं बंदर स्वखर्चानं गाठा.

दोन वेळांचा हा गोंधळ आपल्याला नवा नाही. १ जानेवारी १९०६ पासून देशाची प्रमाणवेळ लागू झाली, तरी मुंबईनं ३९ मिनिटं मागे चालणारा ‘बॉम्बे टाइम’ कित्येक वर्षं सोडला नाही. आगगाड्या एका वेळेवर, गावातली घड्याळं दुसऱ्या!

म्हणून जहाजातून उतरताना ‘परत कधी यायचं, आणि कुठल्या वेळेनं?’ हे स्वतः विचारा. साधं काट्याचं घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावा आणि आपल्याच मनगटावर बांधा. घरी शाळेची, ऑफिसची, औषधांची वेळ आपणच सांभाळतो ना? मग परक्या मुलुखात आपली वेळ दुसऱ्याच्या खिशात कशाला?