विमा सायकलीला नको, जखमेला हवा

सायकलवाल्याने पायी चालणाऱ्याला धडक दिली की काळा कोट न घातलेले दोन वकील लगेच उभे राहतात. पहिला गरजतो, "सायकलीलाही नंबर लावा, थर्ड पार्टी विमा सक्तीचा करा, म्हणजे डोकी ठिकाणावर येतील." दुसरा समजूत घालतो, "जाऊ द्या हो, गरिबाची सायकल ती. धक्का लागला तर लागला, त्यात कसला आलाय कायदा?" पहिल्याला वाटते सायकल म्हणजे लहान मोटारसायकल. दुसऱ्याला वाटते सायकल म्हणजे कायद्याबाहेरची वस्तू. दोघेही चुकतात, आणि दोघांच्या मधे जखमी माणूस रस्त्यावर पडून राहतो.

हवेत बोलण्यापेक्षा एक गाव समोर ठेवू. बऱ्हाणपूर जिल्ह्यातले चांदनी. खंडवा-भुसावळ लोहमार्गावर, कागदाच्या कारखान्याने नाव मिळवलेल्या नेपानगरच्या शेजारचे. मध्य प्रदेश सरकार सहावी आणि नववीच्या ज्या मुलामुलींच्या गावात त्या वर्गाची शाळा नाही, त्यांना फुकट सायकल देते: सहावीला अठरा इंची, नववीला वीस इंची. समजा, अशीच एक सायकल उतारावरून येते आहे. ब्रेकचे रबर झिजून लोखंड रिमला घासते आहे, घंटीची वाटी कधीच पडून गेली आहे, कॅरिअरवर दप्तर आणि त्यावर धाकटा भाऊ. केळीच्या बागेतून मजुरी करून परतणाऱ्या साठीतल्या एक बाई रस्त्याच्या कडेने चालल्या आहेत, कारण फुटपाथ नावाची चीज तिथे नाही. धडक बसते, बाई कुशीवर आपटतात, खुबा मोडतो. प्रसंग कल्पित आहे, पण असा प्रसंग घडू शकत नाही असे म्हणणारा माणूस त्या रस्त्याने कधी चाललेला नसावा.

आधी दुसऱ्या वकिलाचा समाचार घेऊ. सायकलीला कायदा लागत नाही ही निव्वळ थाप आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे कोणतेही वाहन हाकणाऱ्याला लागू आहे, त्याला इंजिनाची अट नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हाड मोडणे ही कलम ११६ प्रमाणे गंभीर दुखापत, आणि ती निष्काळजीपणाने केली तर कलम १२५ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. माणूस दगावला तर कलम १०६, पाच वर्षांपर्यंत. जुन्या दंड संहितेतही २७९, ३३८ आणि ३०४-अ ही कलमे अशाच गुन्ह्यांसाठी होती. लंडनमध्ये पुढचा ब्रेक नसलेल्या सायकलीने एका पादचारी महिलेचा जीव घेणाऱ्या तरुणाला २०१७ साली अठरा महिन्यांची शिक्षा झाली, तीही घोडागाड्यांच्या काळातल्या १८६१ च्या कायद्याखाली. कायदा जुना असला तरी सायकल त्यातून सुटत नाही.

दिवाणी बाजूही तशीच पक्की आहे. रस्त्यावर चाक चालवणाऱ्याने पायी चालणाऱ्याची वाजवी काळजी घेतलीच पाहिजे, ती न घेतल्यास नुकसान भरून द्यावे लागते. मृत्यू झाला तर वारसांना १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्याखाली दोन वर्षांच्या आत दावा लावता येतो. दोन्ही बाजूंची चूक असेल तर भरपाई त्या प्रमाणात कमी होते. पण रस्त्याला फुटपाथच नसताना "बाई रस्त्यावर का चालत होत्या" हा बचाव कोर्टात फार टिकणारा नाही. सायकल चालवणारा मुलगा चौदा वर्षांचा असेल तर फौजदारी बाजू बाल न्याय मंडळाकडे जाते. आईबाप केवळ आईबाप आहेत म्हणून आपोआप देणेकरी होत नाहीत. पण ब्रेक गेलेली सायकल त्यांनी डोळ्यांदेखत रस्त्यावर जाऊ दिली असेल, तर तो त्यांचा स्वतःचा निष्काळजीपणा ठरू शकतो.

तेव्हा गरिबाची सायकल म्हणून सोडून द्या, हा युक्तिवाद दयेचा वाटला तरी दयेचा नाही. कारण या गोष्टीत सायकलवाल्याइतकीच गरीब ती बाईही आहे.

आता पहिल्या वकिलाकडे वळू. त्याच्याकडे एक दणकट मुद्दा आहे आणि तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. त्याच बाईंना मोटारसायकलने उडवले असते तर? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १४६ प्रत्येक मोटार वाहनाला त्रयस्थाचा विमा सक्तीचा करते. कलम १६६ खाली दावा न्यायाधिकरणात अर्ज गेला असता आणि पैसे विमा कंपनीने मोजले असते. गंभीर दुखापतीला कोणाची चूक हे न पाहता कलम १६४ खाली अडीच लाख मिळू शकले असते. गाडी पळून गेली असती तरी १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेत पन्नास हजार होते. आणि मे २०२५ च्या रोकडरहित उपचार योजनेखाली पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंतचा इलाज फुकट झाला असता. खुबा तोच, बाई त्याच, रस्ता तोच. पण धडक देणाऱ्या चाकाला इंजिन नव्हते म्हणून ही सारी दारे बंद.

उरतो दिवाणी दावा. कोर्ट फी रकमेच्या प्रमाणात, तारखांसाठी बऱ्हाणपूरच्या फेऱ्या, वकिलाचे पैसे, आणि एवढे करून हुकूमनामा मिळाला तर वसुली कोणाकडून? दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० सांगते की देणेकऱ्याची स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याचे राहते घर जप्त करता येत नाही. ते योग्यच आहे. पण ज्याच्याकडे याखेरीज काही नाही त्याच्यावरचा हुकूमनामा म्हणजे लोणच्याच्या बरणीवर लावायचा कागद. पहिला वकील म्हणतो, "पाहा, विमा नाही म्हणून हक्क कागदावर राहिला." निदान बरोबर आहे. औषध चुकीचे आहे.

सक्तीचा विमा आणि नंबरप्लेट का नको? पहिले कारण धोक्याचे प्रमाण. सायकल आणि स्वार मिळून ऐंशी किलो, वेग ताशी पंधरा किलोमीटर. मोटारसायकल आणि स्वार दोनशे किलो, वेग पंचेचाळीस. वजन अडीच पट, वेग तिप्पट, आणि आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून ती साडेबावीस पट. सक्तीचा विमा मोटारीवर आला तो या आघातामुळे, चाकांमुळे नाही. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, त्यांत ३२,८२५ पायी चालणारे होते. रस्त्यावरच्या या संहाराचा जोर इंजिनाच्या वेगात आणि वजनात आहे हे समजायला आकडेशास्त्री लागत नाही.

दुसरे कारण व्यवहाराचे. मोटारींसाठी सक्ती आहे, परिवहन कार्यालय आहे, दंड आहे, तुरुंगाची तरतूद आहे, तरी देशातल्या निम्म्याच्या आसपास मोटार वाहनांचा विमा चालू नसतो, हे सरकारी आकड्यांतूनच पुन्हा पुन्हा पुढे आले आहे. जिथे लाखाच्या गाडीचा विमा भरला जात नाही, तिथे वीस इंची सायकलीचा भरला जाईल? सर्वांत लहान पेट्रोल दुचाकीचा त्रयस्थ विमा २०२२ च्या दरांप्रमाणे वर्षाला ५३८ रुपये होता. सायकलीचा त्याच्या निम्मा धरला तरी तो मागणार कोणाकडे? सरकारनेच फुकट दिलेल्या सायकलीवर बसलेल्या मुलीकडे? एका हाताने सायकल द्यायची आणि दुसऱ्या हाताने पावती फाडायची, याला धोरण म्हणत नाहीत. आपल्या नगरपालिकांनी एके काळी सायकलीला कर आणि पितळी बिल्ला लावून पाहिला आहे. बिल्ला तपासणारे शिपाई मिळाले, पण त्या बिल्ल्याने कोणाचा खुबा जोडला गेला नाही.

"परदेशात तर आहे," असे पहिला वकील म्हणेल. आहे, आणि नाहीही. स्वित्झर्लंडमध्ये सायकलीवर विम्याची चिकटपट्टी लावणे सक्तीचे होते, ते २०१२ पासून त्यांनी बंद केले. लोकांच्या वैयक्तिक दायित्व विम्यात सायकल आधीच येत होती आणि चिकटपट्टीचा कारभार उगाच वाढला होता. जपानचे उदाहरण अधिक वजनदार आहे. कोबे शहरात अकरा वर्षांच्या मुलाच्या सायकलीने बासष्ट वर्षांच्या महिलेला कायमचे जखमी केले. २०१३ साली तिथल्या न्यायालयाने मुलाच्या आईला सुमारे साडेनऊ कोटी येन भरायला लावले. त्यानंतर ह्योगो प्रांताने २०१५ साली सायकल विमा सक्तीचा केला आणि इतर प्रांत त्याच्या मागोमाग गेले. पण तिथला विमा बहुधा सायकलीला नव्हे, माणसाला किंवा कुटुंबाला जोडलेला असतो, घराच्या किंवा मोटारीच्या पॉलिसीतही तो येतो. ज्या घरात कुठलीच पॉलिसी नाही तिथे हा जोड कशाला जोडणार? आपल्याकडच्या जुन्या गृहस्थी विमा पॉलिसीतही सायकलीसाठी स्वतंत्र विभाग असे आणि त्रयस्थाला झालेल्या इजेची मर्यादित जबाबदारी त्यात धरलेली असे. ती पॉलिसी शहरातल्या बंगल्यांत पोचली. केळीच्या बागेत पोचली नाही.

मग करायचे काय? विमा चाकामागे नव्हे, जखमेमागे धावला पाहिजे. जबाबदारी मात्र माणसाचीच राहिली पाहिजे.

बाईंच्या नुकसानीचे दोन भाग पाडा. एक, इलाजाचा खर्च. दुसरा, बुडालेली मजुरी आणि घरात सेवेला लागलेले माणूस. पहिला भाग मोठा आहे आणि तातडीचा आहे. तो सायकलवाल्याच्या ऐपतीवर सोडणे म्हणजे जखमीलाच शिक्षा. आयुष्मान भारतचे कार्ड असेल तर कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचा रुग्णालयातला इलाज मिळतो. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला उत्पन्न न पाहता तो मिळतो. साठीतल्या बाईंचे कार्ड निघालेले नसेल तर त्या अडकल्या. म्हणून मागणी सरळ आहे: रोकडरहित उपचार योजनेतून "मोटार वाहनामुळे झालेला अपघात" ही अट काढा, "रस्त्यावर झालेला अपघात" एवढेच ठेवा. सायकल, बैलगाडी, हातगाडी, काहीही असो. त्याचबरोबर वर्षाला वीस रुपयांत मिळणाऱ्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत आज मृत्यूला आणि कायमच्या अपंगत्वाला पैसे आहेत, मोडलेल्या हाडाला नाहीत. काही रुपये हप्ता वाढवून हाड मोडण्याची ठरावीक रक्कम त्यात घाला. ही योजना कोणाची चूक हे विचारत नाही. तिचे सारे सामर्थ्य तिथेच आहे.

दुसरा भाग, मजुरीचा, तो सायकलवाल्याने सोसलाच पाहिजे. तो त्याच्या आवाक्यात असतो आणि चुकीची जाणीवही तिथेच होते. गावात आज काय होते? पंच बसतात, दवाखान्याचे काही पैसे देऊन "मिटवले" म्हणतात, लिखित काही नाही. पुढे दुसरे ऑपरेशन निघाले की भांडण नव्याने सुरू. याऐवजी १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखालच्या लोक अदालतीत, दावा लावण्याआधीच, जाता येते. कोर्ट फी नाही, महिलेला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला मोफत वकील, हप्ते ठरवता येतात, आणि तिथला निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतका पक्का. पोलिसांत गुन्हा नोंदला असेल तर मात्र पंचांच्या मिटवण्याने तो संपत नाही, त्याला कोर्टाचीच वाट धरावी लागते, हेही गावाला ठाऊक हवे.

तिसरे, जो सायकल वाटतो त्याने विम्याचा भार घ्यावा. राज्य सरकारने वाटलेल्या सायकलींसाठी विद्यार्थ्यांचा एकच सामूहिक दायित्व विमा काढावा, हप्ता सरकारने भरावा. ना नंबर, ना बिल्ला, ना पावती. शाळेने वर्षातून एकदा ब्रेक, घंटी आणि मागचा लाल परावर्तक तपासावा. कामगारांना सायकली देणाऱ्या कारखान्यालाही हाच नियम.

चौथे, सायकलीच्या वेषातल्या मोटारीला सायकल म्हणू नका. २५० वॉटपेक्षा कमी शक्तीची आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाची, तपासणी संस्थेने मान्य केलेली बॅटरी सायकलच मोटार वाहनाच्या व्याख्येबाहेर राहते. वेगाची मर्यादा काढून टाकलेली गाडी त्या सवलतीत बसत नाही. तिला नोंदणी, परवाना, विमा सगळे लागते, आणि तिने धडक दिलेल्या माणसाला न्यायाधिकरणाचे दार उघडे असायला हवे. इथे पहिल्या वकिलाचा हट्ट पूर्ण मान्य आहे.

"इलाज सरकारने केला तर सायकलवाले मोकाट सुटतील," ही शेवटची शंका. आगीचा बंब फुकट येतो म्हणून कोणी घराला काडी लावत नाही. फौजदारी कलमे जागच्या जागी आहेत, मजुरीचे हप्ते डोक्यावर आहेत, आणि ब्रेक नसल्याचे माहीत असून उतारावर सायकल सोडणाऱ्याकडून योजनेने खर्चाचा वाटा वसूल करावा, अशी तरतूदही ठेवता येईल. राज्यांना बिगरयांत्रिक वाहने आणि पादचारी यांच्यासाठी नियम करण्याचा अधिकार २०१९ च्या दुरुस्तीने, कलम १३८ च्या पोटकलम १-अ मध्ये, दिलेलाच आहे. भोपाळने तो वापरावा. सायकलीवर नवा कर बसवण्यासाठी नव्हे, तर फुटपाथ, ब्रेक आणि घंटी यांसाठी. आणि दिल्लीने उपचार योजनेतले "मोटार" हे एक विशेषण खोडावे. त्याला नवे खाते लागत नाही, नवा बिल्ला लागत नाही, लागते ती फक्त एक अधिसूचना.