निरीक्षण विहिरी बुजवू नका

इंधन सांडलेल्या जागेची चर्चा निघाली की एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. गळती थांबली, टाकी रिकामी झाली, माती उकरून नेली. आता वर्षानुवर्षे विहिरींचे पाणी तपासण्यावर पैसा का घालवायचा? मोजल्याने पाणी शुद्ध होत नाही. यातले शेवटचे वाक्य खरे आहे, म्हणूनच बाकीचेही पटकन पटून जाते.

या पक्षाला सर्वांत बळ देणारे उदाहरण हवाईतले रेड हिल. ओआहू बेटावर अमेरिकी नौदलाने दुसऱ्या महायुद्धात डोंगराच्या पोटात 20 टाक्या बांधल्या. एकेकीत सुमारे पावणेपाच कोटी लिटर इंधन मावे, आणि तळाखाली साधारण 100 फुटांवर होनोलुलूला पाणी देणारा भूजलसाठा होता. 2014 मध्ये एक टाकी गळली. निरीक्षण विहिरी होत्या, नमुने घेतले जात होते. तरीही 20 नोव्हेंबर 2021 ला बोगद्यात इंधन सांडून नौदलाच्या पाणीपुरवठ्यात उतरले, तेव्हा रहिवाशांना ते नळाच्या वासावरून कळले. त्या नळांवर सुमारे 93,000 माणसे होती, आणि नौदलाने सुरुवातीला पाणी सुरक्षित असल्याचेच सांगितले. मग त्या विहिरींनी साधले काय?

प्रश्न रास्त आहे. उत्तर तिथल्या खडकात आहे. रेड हिलचा डोंगर लाव्हाच्या थरांचा. तेल आणि पाणी त्यातल्या भेगा शोधत सरकतात आणि दोन विहिरींच्या मधून निसटू शकतात. महाराष्ट्राच्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको: आपल्या काळ्या कातळातही एका विहिरीला झरा लागतो आणि पन्नास पावलांवरची कोरडी जाते. रेड हिलखालचे भूजल नेमके कुठे वाहते, यावर वर्षानुवर्षे वाद होता. त्यामुळे डिसेंबर 2021 मध्ये होनोलुलूच्या जलमंडळाला आपला हालावा येथील मोठा उपसा खबरदारी म्हणून थांबवावा लागला. ही मोजमाप अपुरे असल्याची किंमत आहे. तिच्यावरून मोजमाप बंद करा असा निष्कर्ष काढणे म्हणजे राखणदार कमी पडले म्हणून उरलेल्यांनाही घरी पाठवणे.

दुसरा आक्षेप डोळ्यांवर विसंबतो. विहिरीत तवंग नाही, म्हणजे तेल गेले! पण उन्हाळ्यात पाण्याची पातळी उतरली की तेलही तिच्याबरोबर उतरते, मातीच्या कणांना चिकटते. पावसाळ्यात पाणी चढले की ते पाण्याखाली अडकून राहते. तेव्हा विहीर स्वच्छ दिसते. भर पावसाळ्यात एकच नमुना घेऊन दिलेला निर्वाळा मला म्हणूनच मान्य नाही. शिवाय पेट्रोलमधले बेंझीन पाण्यात विरघळते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे 10 मायक्रोग्रॅमची. त्या हिशेबाने एक ग्रॅम बेंझीन एक लाख लिटर पाण्याला मर्यादेपर्यंत नेते. एवढे डोळ्याला कुठून दिसणार?

राहिला ‘निसर्ग आपोआप साफ करतो’ हा दावा. तो खोटा नाही, अर्धा आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात बेमिजीजवळ 20 ऑगस्ट 1979 ला तेलवाहिनी फुटून सुमारे 17 लाख लिटर कच्चे तेल सांडले. बरेचसे काढले, तरी सुमारे चार लाख लिटर जमिनीत राहिले. 1983 पासून तिथे सातत्याने अभ्यास चालू आहे. जमिनीतले जिवाणू तेल खरोखर खातात. मात्र खाताना आधी पाण्यातला प्राणवायू संपवतात, मग मातीतले लोह वापरतात, आणि त्या लोहाला चिकटलेले आर्सेनिक पाण्यात सुटते. अर्धवट पचलेल्या तेलाची संयुगे तर मूळ तेलाच्या घटकांपेक्षाही पुढपर्यंत पोहोचलेली आढळली. निसर्गाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा बराचसा पुरावा अशा निरीक्षण विहिरींतूनच आला आहे. त्या बुजवल्या तर त्यांचाच दावा निराधार होतो.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. इंधन मुरलेल्या जागी खडक पाहून विहिरी खणाव्यात, प्रवाहाच्या वरच्या अंगालाही एक असावी. उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्यानंतर नमुने घ्यावेतच. बेंझीनबरोबर प्राणवायू, लोह, आर्सेनिक आणि तेलाची विघटित संयुगेही मोजावीत. सफाईसाठीचा उपसा बंद केल्यावर आकडे पुन्हा चढतात का, हे काही वर्षे पाहावे. आणि प्रत्येक आकडा, तो जसा आला तसा, आधी त्या पाण्यावर जगणाऱ्यांच्या हाती द्यावा. रेड हिलच्या रहिवाशांना तो वासाच्या आधी मिळायला हवा होता.