‘सर्व्हर डाऊन’ हे उत्तर नव्हे

रेशन दुकानात ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ असे ऐकावे लागले, की भंडारा जिल्ह्यातील आसगावसारख्या गावात मजुराचा दिवस बुडतो. अनेकदा यंत्र सुरूच असते; पडद्यामागची एखादी सेवा थांबलेली असते. लिनक्समध्ये अशा सेवांना ‘डीमन’ म्हणतात. २०१० मध्ये आलेली ‘सिस्टिमडी’ त्यांच्यावर लक्ष ठेवते. कोलमडलेली सेवा ती आपोआप पुन्हा सुरू करू शकते. मात्र तसे आधी नेमून द्यावे लागते. बिघाडाची नोंदही ती ठेवते. पण ती वाचायला माणूस लागतो. नुसते पुन्हा सुरू करणे म्हणजे तापावर गोळी. आजार नोंदीतच सापडतो. म्हणूनच सरकारी सेवा किती तास आणि कशामुळे बंद राहिली, हे दरमहा जाहीर व्हायला हवे.